घरातला डबा कुणाचा? जुन्या राऊटरवरच्या परक्या फर्मवेअरचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे घाईत निसटलं, ते इथे थोडं नीट मांडलंय.

आजचा विषय आहे टीव्हीच्या वर किंवा इन्व्हर्टरच्या शेजारी धूळ खात बसलेला डबा. वायफाय राऊटर. छत्रपती संभाजीनगरात कॅनॉटला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात तर असे जुने राऊटर एका खोक्यात ढिगाने पडलेले दिसतात. एक अँटेना मोडलेली, अडॅप्टर हरवलेला. दुकानदार म्हणतो, "दादा, जुना झाला, आता याला अपडेट नाही येत." अपडेट येत नाही हे खरंच आहे. प्रश्न असा की कंपनीने अपडेट थांबवलं म्हणजे डबा संपला का? पैसे देऊन घेतलेल्या वस्तूच्या आत काय चालावं हे कोण ठरवणार?

आधी एका वाक्यात फर्मवेअर. राऊटर हा छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याला प्रोसेसर असतो, थोडी रॅम असते, आणि हार्डडिस्कच्या जागी एक नखाएवढी फ्लॅश चिप. त्या चिपवर लिहिलेली सगळी प्रणाली म्हणजे फर्मवेअर. कंपनीचं काढून दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं बसवलं की ते थर्ड पार्टी फर्मवेअर. मी त्याला 'परकं फर्मवेअर' म्हणणार आहे. पण परकं नक्की कोण, हा प्रश्न शेवटापर्यंत डोक्यात ठेवा.

२००३ : एका साध्या प्रश्नाने सुरुवात

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर बाजारात आणला. निळा-काळा रंग, मागे दोन अँटेना. आजही कुठल्या चित्रात 'राऊटर' काढायचा म्हटलं की बऱ्याचदा हाच आकार निघतो. आत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश. चिप ब्रॉडकॉमची, डबा तैवानच्या सायबरटॅनचा आणि वर नाव लिंकसिसचं. मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिस विकत घ्यायचं जाहीर केलं. व्यवहार साधारण ५० कोटी डॉलरचा.

जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लस नावाच्या एका प्रोग्रॅमरने लिनक्स कर्नलच्या विकासकांपुढे एक गोष्ट मांडली. त्याने फर्मवेअरची फाइल उलगडून पाहिली होती आणि आत लिनक्स सापडलं होतं. लिनक्स असणं हा गुन्हा नाही. उलट लिनक्स कुणीही वापरावं. पण त्याला एक अट आहे, तिचं नाव जीपीएल. अट अशी की हे सॉफ्टवेअर तुम्ही कुणाला दिलंत, तर त्याचा सोर्स कोड आणि तुम्ही त्यात केलेले बदलही मागणाऱ्याला द्यायचे. लिंकसिसने डबे विकले होते, कोड दिला नव्हता.

आता ही साखळी बघा. चिपवाल्याने कोड डबेवाल्याला दिला, डबेवाल्याने ब्रँडवाल्याला दिला, आणि ब्रँडवाला नुकताच सिस्कोच्या घरात आला होता. घर घेतलं आणि आधीच्या मालकाची थकबाकीही अंगावर आली, तसा हा प्रकार. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी दबाव आणला, आणि काही आठवड्यांतच लिंकसिसने कोड खुला केला.

त्या कोडमध्ये एक मोठा भाग मात्र बंदच राहिला. वायफाय चिपचा ड्रायव्हर ब्रॉडकॉमने तयार बायनरीच्या रूपात दिला होता. म्हणजे घराची चावी मिळाली, पण एका खोलीचं कुलूप तसंच. ही बंद खोली पुढे वीस वर्षं त्रास देणार होती, आपल्याकडे तर जास्तच.

कोड मिळाला, पण डब्यात शिरायचं कसं?

लिंकसिसच्या पानावर 'पिंग' नावाची एक चाचणी होती. पत्ता टाकायचा आणि तिकडून उत्तर येतं का बघायचं. त्या रकान्यात पत्त्याऐवजी लिनक्सची आज्ञा घातली तर राऊटर ती निमूटपणे चालवायचा. सुरक्षेच्या नजरेने ही भयंकर चूक. पण डबा स्वतःचाच असेल तर हाच आत जायचा दरवाजा. लोकांनी तिथून 'बूट वेट' नावाची सेटिंग चालू केली. मग राऊटर सुरू होताना दोन-चार सेकंद थांबायचा, आणि तेवढ्यात टीएफटीपीने नवं फर्मवेअर ढकलता यायचं. काही बिघडलं तरी परत ढकलायची सोय राहायची. ज्यांनी कधी राऊटरची वीट करून ठेवली असेल त्यांना या चार सेकंदांची किंमत कळेल.

मग फर्मवेअरची घराणीच तयार झाली. स्वेआसॉफ्टने सुधारित फर्मवेअर काढलं आणि ताज्या आवृत्त्यांसाठी वर्षाला २० डॉलर वर्गणी ठेवली. पैसे घेण्याला जीपीएलची ना नाही, पण घेणाऱ्याने पुढे वाटलं तर अडवता येत नाही. यावरून बरीच जुंपली. जर्मनीतल्या सेबास्टियन गोटशालने स्वेआसॉफ्टच्याच खुल्या कोडवरून डीडी-डब्ल्यूआरटी सुरू केलं. 'डीडी' म्हणजे ड्रेस्डेन शहराच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं. आपल्याकडे कुणी 'एमएच-२०' नावाने फर्मवेअर काढावं, तसंच. जोनाथन झराटेचं टोमॅटो हे नीटस, आलेखांसह येणारं. आणि जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेलं ओपनडब्ल्यूआरटी.

ओपनडब्ल्यूआरटीची कल्पना वेगळी होती. बाकीच्यांनी तयार थाळी वाढली, यांनी स्वयंपाकघरच दिलं. पॅकेज व्यवस्था होती, हवं ते बसवा, नको ते काढा. फ्लॅशची मांडणीही हुशार. मूळ प्रणाली दाबून, फक्त वाचता येईल अशी ठेवलेली, आणि त्यावर लिहिण्यासाठी वेगळा पातळ थर. छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने खुणा कराव्यात तसं. गोंधळ झाला तर ट्रेसिंग पेपर फेकायचा, खालचा नकाशा शाबूत. आजही ओपनडब्ल्यूआरटीचा 'फेलसेफ' याच तत्त्वावर चालतो.

२००५ च्या अखेरीस लिंकसिसने याच राऊटरची पाचवी आवृत्ती काढली. आतून लिनक्स गायब, त्याजागी व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली. रॅम निम्मी म्हणजे ८ एमबी, फ्लॅशही निम्मी म्हणजे २ एमबी. प्रत्येक डब्यामागे थोडी बचत, आणि लाखो डबे. बाहेरून डबा तोच, नाव तेच, म्हणून खाली चिकटवलेल्या पट्टीवरचा आवृत्ती क्रमांक वाचायची सवय या मंडळींना लागली. ती सवय आजही सोडू नका. पण लिनक्सवाल्या राऊटरला मागणी एवढी होती, की त्याच कंपनीने जुनंच हार्डवेअर डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने पुन्हा विकायला काढलं. शेवटचा 'एल' लिनक्सचा. तो डबा पुढे दहाहून जास्त वर्षं विकला गेला.

२००८ च्या डिसेंबरमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला, कारण लिंकसिसच्या इतर उत्पादनांमध्येही कोड देण्याची टाळाटाळ चालूच होती. मे २००९ मध्ये तडजोड झाली. लिंकसिससाठी जीपीएलचं पालन बघणारा अधिकारी नेमायचं सिस्कोने मान्य केलं आणि देणगीही दिली.

जानेवारी २००५ : आपल्याकडचा महिना

आता भारतात येऊ. माझ्या मते आपल्या गोष्टीचा खरा महिना जानेवारी २००५. त्या एका महिन्यात दोन गोष्टी झाल्या. १४ जानेवारीला बीएसएनएलने 'डेटावन' ब्रॉडबँड सुरू केलं. आणि २८ जानेवारीला केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली वायफाय उपकरणं परवानामुक्त केली. १ वॉटपर्यंत ट्रान्समीटर आणि अँटेनासह ४ वॉटपर्यंत प्रभावी शक्ती, एवढी मर्यादा घातली. म्हणजे गच्चीवर अँटेना लावून समोरच्या इमारतीला वायफाय द्यायला वेगळा परवाना नको.

याचा फायदा लगेच कुणी घेतला? हिमाचलात धरमशाळेत. तिबेटी निर्वासितांच्या संस्था, शाळा, दवाखाने डोंगरउतारावर विखुरलेले. तिथे लिंकसिसचे हेच स्वस्त डबे घेऊन, फर्मवेअर बदलून, एकमेकांना जोडणारं मेश नेटवर्क उभं राहिलं. त्यातूनच पुढे एअरजल्दी ही संस्था आली. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये मेशची सोयच नव्हती. डबा तोच, आतला मजकूर बदलला म्हणून तो दुसऱ्या डब्याशी बोलायला लागला.

मग आपल्याकडे, महाराष्ट्रात हे का पसरलं नाही? 'लोकांना तांत्रिक गोष्टींची आवड नव्हती' हे उत्तर मला पटत नाही. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' भरायचं, पुणे-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट होते, मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी घरोघरी जायच्या. आवड होती. अडचण वायरची होती.

अमेरिकेत मोडेम वेगळा आणि राऊटर वेगळा. आपल्याकडे बीएसएनएलची लाइन टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, म्हणजे एडीएसएल, आणि मोडेम-राऊटर एकाच डब्यात. एडीएसएल चिपचा ड्रायव्हर बंद. मघाशी म्हटलेली कुलूप लावलेली खोली ती हीच, फक्त इथे बंद खोलीतूनच घराचा रस्ता जात होता. त्या डब्यावर परकं फर्मवेअर टाकलं तर लिनक्स सुरू होईलही, पण इंटरनेटच येणार नाही.

यावर उपाय होता. बीएसएनएलचा डबा 'ब्रिज मोड'ला टाकायचा, म्हणजे त्याने फक्त तारेचा सिग्नल पुढे द्यायचा. लॉगिन, वायफाय, फायरवॉल सगळं दुसऱ्या, आपल्या राऊटरवर. पण त्यासाठी दुसरा डबा विकत घ्यायचा, तोही पहिला नीट चालत असताना! मध्यमवर्गीय घरात हे पटवणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

तरी ज्यांनी केलं त्यांच्याकडे कारणं अगदी इथली होती. बीएसएनएलचा होम ५०० प्लॅन आठवतो? महिन्याची डेटा मर्यादा तुटपुंजी, पण रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोकळं. मग रात्री दोनला कोण उठणार, आणि कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला तर बिल? यूएसबी असलेल्या राऊटरवर परकं फर्मवेअर टाकलं, पेनड्राइव्ह लावला आणि क्रॉनमध्ये 'दोन वाजता सुरू, आठला बंद' लिहिलं की काम झालं. राऊटर खातो पाच-दहा वॉट. तो १२ व्होल्टवर चालत असेल तर बाइकच्या बॅटरीवरही निभतो, आणि मराठवाड्यात लोडशेडिंगच्या त्या वर्षांत याला फार अर्थ होता.

लोडशेडिंगची दुसरी बाजूही सांगतो. फर्मवेअर लिहिलं जात असताना लाइट गेली तर फ्लॅश अर्धवट राहते आणि डबा उठत नाही. 'फ्लॅश करताना वीज जाऊ देऊ नका' ही सूचना परदेशी माणूस नुसती वाचून सोडून देतो. आपल्याकडे ती वाचून माणूस आधी इन्व्हर्टरची बॅटरी तपासतो आणि मग वेळापत्रक बघतो.

वेर्णा ते फ्रँकफर्ट

आपल्या भागात घराघरात दिसणारं आणखी एक नाव म्हणजे डी-लिंक. मूळ कंपनी तैवानची, पण डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यात, वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. के. आर. नाईक यांची स्मार्टलिंक आणि डी-लिंक यांची भारतात बरीच वर्षं भागीदारी होती. नंतर दोघे वेगळे झाले आणि स्मार्टलिंकने डिजिसोल हा स्वतःचा ब्रँड पुढे नेला. म्हणजे नेटवर्किंगच्या डब्यांचा धंदा कोकण किनाऱ्याला अजिबात नवा नाही.

पण या नावाची सगळ्यात महत्त्वाची लढाई झाली जर्मनीत. हॅराल्ड वेल्टे हा लिनक्सच्या फायरवॉल कोडचा एक लेखक. डी-लिंकच्या एका नेटवर्क स्टोरेज डब्यात जीपीएलचा कोड अटी न पाळता वापरल्याचं त्याला दिसलं. कंपनीच्या जर्मन शाखेने कोर्टात म्हटलं की जीपीएल कायद्याने बांधीलच नाही. सप्टेंबर २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. त्याआधी २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानेही सिटेकॉम कंपनीविरुद्ध वेल्टेच्याच बाजूने मनाई हुकूम दिला होता.

या निकालांचा आपल्याशी संबंध काय? राऊटर कंपन्या देशोदेशी जवळपास तेच फर्मवेअर विकतात. जर्मनीत कोड द्यावा लागला की तो जगालाच मिळतो. आपल्याकडे एकही खटला न होता आपल्याला जो कोड मिळाला, तो दुसऱ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्यामुळे मिळाला. हे ऋण आहे आणि ते मान्य करायला हरकत नाही.

सानपाडा, २००८

२६ जुलै २००८. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक ईमेल वाहिन्यांना गेला. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरच्या वायफायपर्यंत. कनेक्शन त्याचं, पाठवणारा दुसराच. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय, याच पद्धतीने वापरलं गेलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय कनेक्शन्स शोधत फिरायला सुरुवात केली, आणि दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

त्या दिवसांपर्यंत राऊटर ही पंख्यासारखी गोष्ट होती, लावा आणि विसरा. सानपाड्यानंतर पहिल्यांदा सामान्य माणसाला कळलं की या डब्याच्या सेटिंगसाठी आपल्या दारात पोलीस येऊ शकतात. जबाबदारी घरमालकाची, हे पक्कं झालं. पण जबाबदारी माझी असेल तर अधिकारही माझा हवा ना? डब्यातली त्रुटी कंपनी दुरुस्त करणार नाही, मला करू देणार नाही, आणि काही झालं तर विचारणार मला. परक्या फर्मवेअरच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटणारा युक्तिवाद हाच आहे. नव्या सोयी, जास्त वेग वगैरे सगळं त्याच्या नंतर.

स्वस्त डब्यांचं दशक

जुलै २००८ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जिची बातमी कुणी वाचली नसेल. अथेरॉस या वायफाय चिप कंपनीने आपल्या नव्या चिपसाठी 'एटीएच९के' नावाचा पूर्ण खुला लिनक्स ड्रायव्हर दिला. बंद खोलीचं कुलूप निदान एका घरात तरी निघालं. पुढे टीपी-लिंकचे हजार रुपयांच्या आसपासचे डब्ल्यूआर७४०एन आणि डब्ल्यूआर८४१एन याच चिपकुळातले आले. आपल्या गल्लीतला केबलवाला इंटरनेट द्यायला लागला तेव्हा त्याने लावलेला राऊटर बहुतेक यातलाच. एडीएसएल नाही, साधी लॅनची वायर, आणि ड्रायव्हर खुला. २००५ ची अडचण आपोआप सुटली होती.

महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र घरातलं नाही, गावातलं आहे. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरात एक प्रयोग केला. टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या यूएचएफ लहरींवरून गावापर्यंत इंटरनेट न्यायचं आणि गावात वायफायने वाटायचं. झाडीतून, चढउतारावरून या लहरी वायफायपेक्षा लांब जातात. त्या प्रयोगातल्या साधनांवर ओपनडब्ल्यूआरटी होतं. पुढे 'ग्राममार्ग' नावाने हे काम वाढलं आणि २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. डब्यातली प्रणाली उघडी होती म्हणून संशोधकांना तिच्यात आपलं सामान भरता आलं.

याच काळात ओपनडब्ल्यूआरटीने एक घरगुती दुखणंही बरं केलं. घरात एकाने गुगल फोटोंचा बॅकअप लावला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. कारण राऊटर पाकिटांची लांबलचक रांग लावून ठेवतो. याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस आणि डेव्ह ताट यांनी हा प्रश्न लावून धरला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी 'कोडेल' पद्धत मांडली. तिचं सुधारित रूप ओपनडब्ल्यूआरटीत लवकर आलं. कितीतरी कंपन्यांच्या डब्यांत ते नंतर आलं, काहींत आलंच नाही.

सरकार, फूट आणि क्रॅक

२०१५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने कंपन्यांना विचारलं, की डीडी-डब्ल्यूआरटीसारखं फर्मवेअर टाकता येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? एफसीसीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. भलत्या लहरींवर, भलत्या शक्तीने ट्रान्समीटर चालवला तर हवामानाच्या रडारला त्रास होतो. पण 'रेडिओची मर्यादा पाळा' या नियमाचा अर्थ कंपन्यांनी 'सगळा डबाच बंद करा' असा घेतला, कारण तो सोपा आणि स्वस्त. खूप विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये एफसीसीने स्पष्टीकरण दिलं. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने २ लाख डॉलरची तडजोड केली, आणि गंमत बघा, त्यातच परक्या फर्मवेअरला वाट देण्यासाठी काम करायचंही कबूल केलं.

आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा : परकं फर्मवेअर टाकलंत तर देश 'इंडिया' निवडा. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, त्यामुळे योग्य देश निवडून काही कमी मिळत नाही. सिग्नल वाढावा म्हणून दुसराच देश निवडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मे २०१६ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीतच फूट पडली. कारभार काही मोजक्यांच्या हातात, निर्णय बंद दाराआड, अशी तक्रार करत बरेच विकासक बाहेर पडले आणि 'लेडे' नावाचा वेगळा प्रकल्प सुरू झाला. जानेवारी २०१८ मध्ये दोघे परत एक झाले. नाव जुनं राहिलं, कारभाराची रीत नवी आली. आपल्याकडच्या गणेश मंडळांनी शिकण्यासारखं आहे.

या फुटीच्या मधल्या काळातच परीक्षा आली. २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ज्या मोडेमवर मूळचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड तसाच होता, ते एका मालवेअरने बंद पाडले, आणि बीएसएनएलला ग्राहकांना पासवर्ड बदलायचं आवाहन करावं लागलं. मग १६ ऑक्टोबरला 'क्रॅक' जाहीर झालं, म्हणजे डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षेतच सापडलेली त्रुटी. दोनच दिवसांत लेडेने दुरुस्त आवृत्ती काढली. वर्षानुवर्षं जुन्या, कंपनीने सोडून दिलेल्या डब्यांनाही ती मिळाली. शेल्फवरचे कितीतरी 'अधिकृत' डबे मात्र आजही तसेच आहेत. आता सांगा, यात परकं कोण?

४ एमबीची भिंत

इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. खुलं फर्मवेअर डब्याला अमर करत नाही. लिनक्स कर्नल वाढत गेलं आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाले डबे मागे पडले. ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ ही त्यांना सामावणारी शेवटची मालिका. २०२१ च्या २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. म्हणजे ते लाडके डब्ल्यूआर७४०एन आणि बहुतेक डब्ल्यूआर८४१एन यातून बाद. त्यांच्यावर जुनं फर्मवेअर टाकून थेट इंटरनेटला जोडणं म्हणजे कुलूप बदलून किल्ली दारातच ठेवणं. शिकायला, मोडून बघायला ठेवा. नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.

तुमच्याकडे त्याहून बरा डबा असेल तर क्रम असा. खालच्या पट्टीवरचं मॉडेल आणि आवृत्ती वाचा. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत अगदी तीच आवृत्ती आहे का बघा, 'जवळपास तीच' चालत नाही. परत मागे यायची वाट, म्हणजे टीएफटीपी किंवा रिकव्हरी पान, आधी वाचून ठेवा. फाइलचा चेकसम जुळवा. वायफायने नाही, वायरने जोडा. आणि हो, इन्व्हर्टर!

आणि आता फायबर

आज आपल्या शहरात फायबर घेतलं की डबा बऱ्याचदा कंपनीच देते. तो कंपनीचाच असतो, त्याची सूत्रं दुरून कंपनीकडे असतात, आणि आत फायबरचा जो भाग असतो तो पुन्हा बंद. म्हणजे आपण फिरून २००५ च्या एडीएसएलपाशीच आलो, फक्त तांब्याच्या जागी काच आली. उपायही तोच जुना : शक्य असेल तिथे त्यांचा डबा ब्रिजला, आणि मागे आपला राऊटर.

दुसऱ्या टोकाला नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी वन' आला. या प्रकल्पाच्या वीस वर्षांनंतर त्यांचा स्वतःचा राऊटर. १ जीबी रॅम, तेव्हाची किंमत ८९ डॉलर, आणि एक साधी कळ, जिने बिघडलेला डबा वेगळ्या चिपवरून पुन्हा उठवता येतो. मघाच्या चार सेकंदांच्या 'बूट वेट'ची आठवण होते. २००३ मध्ये चुकीच्या फटीतून मिळवलेली सोय, २०२४ मध्ये कळ म्हणून बसवलेली.

तो डबा प्रत्येकाने घ्यावा असं मी म्हणणार नाही. एवढ्या पैशांत इथे दोन-तीन साधे राऊटर येतात. माझं मागणं साधं आहे. पुढच्या वेळी राऊटर घ्याल तेव्हा अँटेना किती आहेत हे विचारण्याबरोबर, 'याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं का' एवढं विचारा. दुकानदाराला माहीत नसेल, हरकत नाही. दहा जणांनी विचारलं की तो अकराव्यासाठी शोधून ठेवेल. शेवटी २००३ मध्येही सगळं कुणीतरी विचारलं म्हणूनच सुरू झालं होतं.

तुमच्या घरच्या डब्याचं मॉडेल आणि आवृत्ती कळवा, काय शक्य आहे ते पुढच्या भागात बघू. भेटू.